तीन हवामानं, एक जॅकेट आणि ट्रेकिंगचे बूट

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: हे वाचक बरीच वर्षं बाइक चालवतात, पण आजवर डांबर सोडून फारसे खाली उतरलेले नाहीत. आता मित्रांबरोबर तीन आठवड्यांची मोठी राइड ठरली आहे. सुरुवातीला चाळिशीतलं कोरडं ऊन, मध्ये पावसाचा पट्टा, शेवटी उंचावरचे घाट आणि बोचरी थंडी. वाटेत खडी, वाळू आणि दोन-चार ओढे. बजेट ठरलेलं आहे आणि पर्याय तीन आहेत. एक, सगळे पैसे एका महागड्या ‘ऑल सीझन’ वॉटरप्रूफ सूटवर घालायचे. दोन, हलकं मेश, म्हणजे जाळीदार कापडाचं, जॅकेट घेऊन पावसात वरून रेनसूट चढवायचा. तीन, मित्राचं जुनं, एक साइज मोठं जॅकेट फुकटात वापरायचं, “म्हणजे आत दोन स्वेटरही मावतील.” बूट ट्रेकिंगचे आहेत, तेच चालतील असं त्यांनी धरलं आहे. शेवटी ते लिहितात, “एकदाच काय ते चांगलं घ्यावं आणि पुन्हा डोक्याला ताप नको. कोणतं जॅकेट घेऊ?”

तुमच्या पत्रात पावसाबद्दल जवळजवळ पान भरलं आहे, थंडीबद्दल एक परिच्छेद आहे, आणि पायांबद्दल फक्त एक ओळ. रागावू नका, पण मी त्या एका ओळीपासूनच सुरुवात करणार आहे.

डांबरावर पडणं म्हणजे बहुतेक वेळा घसरत जाणं. खडी-वाळूतलं पडणं वेगळं असतं. तिथे वेग कमी असतो, पण पडायची वेळ वारंवार येते, आणि त्याची लाजही कुणाला वाटत नाही. चढावर बाइक बंद पडते, एका बाजूला कलते, तुम्ही सवयीने पाय टेकवता, पायाखालचा धोंडा सरकतो आणि सामानासकट दोनशे किलोंहून जास्त वजन घोट्यावर येतं. बाजूला टणक पेट्या लावलेल्या असतील तर पोटरी पेटी आणि जमिनीच्या मधे सापडते. या सगळ्यात कोणतंही जॅकेट, कितीही भारी असलं तरी, कामाचं नाही.

ट्रेकिंगचा बूट चालण्यासाठी बनवलेला असतो, म्हणून तो घोट्यापाशी वळतो आणि तळव्यात वाकतो. आपल्याला नेमकं उलटं हवं आहे. तुमचा बूट हातात घ्या, एका हाताने टाच आणि दुसऱ्या हाताने पुढचा भाग धरून कपडा पिळतात तसा पिळून पाहा. सहज पिळला गेला, तर बाइक अंगावर आल्यावरही तो तसाच पिळला जाईल, फक्त तेव्हा आत पाय असेल. फुटपेगवर उभं राहून तासभर चालवलं की मऊ तळव्यातून पेगचे दात जाणवायला लागतात, तेही आहेच. आणि लेस. सुटलेली लेस गिअर लिव्हरमध्ये अडकणं हा विनोदी प्रकार वाटतो, पण बाइक थांबवून पाय खाली टेकवायच्या क्षणी त्यात विनोद उरत नाही.

मोटारसायकलच्या बुटांसाठी ईएन १३६३४ हे युरोपीय मानक आहे. त्या खुणेखाली चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २. शेवटचा आकडा दोन्ही बाजूंनी दाब आला तर बूट किती चेपतो ते सांगतो. कच्च्या रस्त्यासाठी बूट घेताना मी तिथे २ शोधते. मोटोक्रॉसचे बूट सर्वांत जास्त वाचवतात, पण ते घालून मुक्कामाच्या जागी जिनाही चढवत नाही. तुमच्यासाठी मधले, ‘ॲडव्हेंचर’ म्हणून मिळणारे बकलवाले बूट ठीक. वॉटरप्रूफ असावेत का? पावसाच्या पट्ट्यात हो. ओढ्यात मात्र पाणी एकदा वरून आत गेलं की वॉटरप्रूफ बूट ही बादली होते, आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. त्या दिवसासाठी मोज्यांची जादा जोडी वेगळ्या पिशवीत ठेवा. नव्या बुटाचा पुढचा भाग जाड असतो, तो गिअर लिव्हरखाली जात नाही. लिव्हर थोडा वर करून घ्यावा लागतो, आणि हे निघायच्या आदल्या रात्री कळू नये.

आता जॅकेट. तुमचा प्रश्न “कोणतं” असा आहे. त्यामागे एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, की चाळीस अंशांपासून थंडीपर्यंत सगळं एकाच कपड्याने पेललं पाहिजे. असं का? जॅकेटला दोन कामं असतात. पडल्यावर खरचटणं आणि मार अडवणं हे पहिलं. ऊन, पाऊस, वारा यांच्याशी जुळवून घेणं हे दुसरं. पहिलं काम तीन आठवडे, प्रत्येक किलोमीटरला सारखंच आहे. दुसरं तासातासाला बदलतं. दोन्ही कामं एकाच कपड्यात शिवून टाकली की उन्हात पावसाचं ओझं अंगावर वागवायचं आणि मग वैतागून जॅकेट काढून सीटला बांधायचं, असंच होतं. सीटला बांधलेलं जॅकेट कोणत्याही लेबलचं असो, तुमचं कोपर वाचवत नाही. संरक्षण कायम अंगावर आणि हवामानाचा बंदोबस्त वर-खाली काढता-घालता येणारा, अशी विभागणी केली की तुमच्या तीन पर्यायांपैकी दुसऱ्याचं पारडं आपोआप जड होतं. पण त्यातही खाचाखोचा आहेत.

महाग सूटवर अन्याय नको, म्हणून त्याचं आधी. वॉटरप्रूफ जॅकेट सगळी एका जातीची नसतात. लॅमिनेटमध्ये पाणी अडवणारा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असतो. पाणी वरच्यावर निथळतं, कापड भिजून जड होत नाही. दुसऱ्या प्रकारात हा पडदा बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्या मधे सुटा लटकतो. आत पाणी येत नाही हे खरं, पण बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं, आणि वाऱ्यावर ते वाळताना अंगातली ऊब ओढून घेतं. तिसऱ्यात तो आतून चेनने लावायचा असतो. म्हणजे पाऊस आला की रस्त्याच्या कडेला जॅकेट उतरवायचं, भिजत भिजत लायनर लावायचं आणि ओलं जॅकेट पुन्हा चढवायचं. हा तिसरा प्रकार कागदावर फार गोड दिसतो. ‘ऑल सीझन’ची पाटी पाहून भुलू नका, यातलं नेमकं काय आहे ते विचारा.

लॅमिनेट उत्तमच. थंड, पावसाळी भागात दिवसचे दिवस चालवणाऱ्याने सरळ तेच घ्यावं, मी आडवी येणार नाही. पण मेम्ब्रेनमधून घामाची वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पाच्या फरकामुळे. बाहेर उकाडा आणि दमट पाऊस असेल तर तो फरकच फारसा उरत नाही, आणि माणूस पावसाने नाही तर घामाने भिजतो. तुमच्या राइडमध्ये उन्हाचे दिवस सर्वांत जास्त, मग पाऊस, मग थंडी. त्या हिशेबाने सगळं बजेट लॅमिनेटवर घालणं म्हणजे सर्वांत कमी दिवसांच्या सोयीसाठी सर्वांत जास्त खर्च.

उन्हाबद्दल एक गैरसमजही काढून टाकू. मेश म्हणजे जितका वारा तितका गारवा, हे एका मर्यादेपर्यंतच खरं. आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम असेल तर अंगावर येणारा वारा उष्णता नेत नाही, आणून देतो. गारवा मिळतो तो घाम वाळल्यामुळे. कोरड्या उन्हात तो इतक्या झपाट्याने वाळतो की घाम आल्याचंही कळत नाही, आणि दुपारी अचानक डोकं दुखायला लागतं. अशा दिवसांत आतला बेस लेयर पाण्यात बुचकळून, पिळून घाला, वर जॅकेट आणि पुढचे व्हेंट थोडे मिटलेले. ओलावा हळूहळू वाळतो आणि गारवा जास्त वेळ टिकतो. पाठीवर पाण्याची नळीवाली पिशवी असली की थांबायची वाट न पाहता घोटघोट पाणी जात राहतं. त्याच पिशवीत मात्र नट-बोल्टचे पाने, कुलूप असलं काही टणक भरू नका, पाठीवर पडलात तर तेच मणक्यात घुसेल.

मेश जॅकेट घेताना आतलं लेबल वाचा. ईएन १७०९२ या मानकात एएए, एए, ए असे वर्ग आहेत. एएए सर्वांत कणखर आणि बहुधा जड, ए सर्वांत हलका. बी म्हणजे घसरण्याला तग धरणारं पण मार झेलणारं आर्मर, म्हणजे आतले पॅड, नसलेलं. सी म्हणजे फक्त आर्मर जागेवर धरणारं, ज्यावर वेगळं जॅकेट घालायचं असतं. तुमच्या राइडमध्ये डांबरही भरपूर आहे, तेव्हा एए मिळालं तर छान, ए च्या खाली जाऊ नका. खांदा आणि कोपरावर जाळी नको, तिथे घट्ट विणीचं जाड कापड हवं. जाळी छातीला आणि बाह्यांच्या आतल्या बाजूला.

मुरलेले ऑफरोडवाले सांगतील की जॅकेट हवंच कशाला, अंगाला घट्ट बसणारा आर्मरचा सूट घाला, वर जर्सी. निव्वळ कच्च्या रस्त्यावर त्यांचं खरं आहे. पण तुमची राइड नुसती कच्च्याची नाही, आणि डांबरावर घसरल्यावर जर्सी किती टिकते हे सांगायला नको.

आर्मरचंही पाहायला हवं. प्रत्येक पॅडवर खूण असते: खांदे, कोपर, गुडघे, कंबर यांच्यासाठी ईएन १६२१-१, पाठीसाठी ईएन १६२१-२, आणि पुढे लेव्हल १ किंवा २. चाचणीत ५० ज्यूलचा आघात करून पलीकडे किती बळ पोहोचतं ते मोजतात. हातापायांच्या पॅडसाठी सरासरी मर्यादा लेव्हल १ ला ३५ किलोन्यूटन आणि लेव्हल २ ला २० आहे. पाठीसाठी हेच आकडे १८ आणि ९. कित्येक जॅकेटांत पाठीच्या खिशात नुसता मऊ फोमचा तुकडा घातलेला असतो. बाहेरून काही कळत नाही. चेन उघडून तो बाहेर काढा. खूण नसेल तर तो फेकून लेव्हल २ चा पॅड घाला. महाग जॅकेट घेण्यापेक्षा हा बदल कितीतरी स्वस्तात होतो.

आता मित्राचं जॅकेट. ते फुकट आहे म्हणून मोह होणं स्वाभाविक आहे, आणि आर्मर जुनं झालं असेल तर बदलताही येतं. अडचण साइजची आहे. ते अंगात घाला, बाइकवर बसा, हँडल धरा आणि मित्राला सांगा की कोपरावरचं पॅड बाहेरून चिमटीत धरून फिरव. ते हाडावरून सरकून दंडाच्या आतल्या बाजूला गेलं, तर पडल्यावर पहिल्या धक्क्यातही तसंच जाईल आणि जमीन लागेल ती नुसत्या कापडाला. बाहीचे पट्टे आवळून पॅड जागेवर राहिलं तर जॅकेट खुशाल वापरा. नाही राहिलं तर मित्राचे आभार मानून परत करा. “दोन स्वेटर मावतील” हा तर मला त्याचा तोटाच वाटतो. स्वेटर घातले त्या दिवशी ते बरोबर बसणार आणि बाकीचे दिवस लोंबणार.

थंडीसाठी जाडजूड काही लागत नाही, वारा अडवला की अर्धं काम होतं. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सकाळी पायथ्याशी घामाघूम झालेला माणूस दोन हजार मीटर वर गेला की तेरा अंशांनी खाली आलेला असतो, आणि त्यात बाइकचा वारा. हवा १० अंशांची असेल आणि वेग ताशी ८० असेल तर उघड्या कातडीला ती ४ अंशांच्या हवेसारखी लागते. म्हणून तुमचा रेनसूट इथे दुसऱ्यांदा कामाला येतो. मेशवर तो चढवला की वारा बंद. आत एक पातळ लोकरीचा किंवा सिंथेटिक बेस लेयर, त्यावर फ्लीस. सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं आणि चढ संपला की गार पडतं. रेनसूट मात्र जॅकेट घालून, वरून मापाचा पाहून घ्या, रंग भडक घ्या, आणि तो सामानात सर्वांत वर ठेवा. तळाशी गेलेला रेनसूट कुणी वेळेवर काढत नाही. “पाच मिनिटांत थांबेल” म्हणत माणूस भिजत राहतो आणि मग भिजलेल्या अंगावर रेनसूट चढवतो. ढग समोर दिसले की तेव्हाच थांबायचं. घाट चढायच्या आधीही, ऊन असलं तरी.

पँट हा शब्द तुमच्या पत्रात नाहीच. जीन्स गृहीत धरली असेल तर ती बाद करा. गुडघे आणि कंबरेला आर्मर असलेली मेश पँट जॅकेटइतकीच जरुरीची आहे. ती दुकानात उभ्याने घालून आरशात पाहू नका. बसून गुडघा वाकवल्यावर पॅड वाटीवर येतं का, आणि फुटपेगवर उभे राहता तसं उभं राहिल्यावर ते नडगीकडे घसरतं का, दोन्ही पाहा. बहुतेकांत पॅडचा खिसा वर-खाली करायची सोय असते, पण विकणारा ते आपणहून सांगत नाही.

हातमोजे दोन जोड्या. एक पातळ, बोटांच्या सांध्यांवर आणि तळहाताच्या टाचेवर संरक्षण असलेला, एक वॉटरप्रूफ आणि उबदार. वॉटरप्रूफ ग्लोव्ह घेताना हात किंचित ओला करून घालून काढून पाहा. स्वस्तातल्या ग्लोव्हचं अस्तर बोटांसकट उलटं बाहेर येतं, आणि एकदा आलं की भर पावसात ते परत आत घालणं म्हणजे छळ. पावसात ग्लोव्हची मनगटपट्टी रेनसूटच्या बाहीच्या आत घ्या, नाहीतर बाहीवरून ओघळणारं पाणी थेट बोटांत. हँडगार्ड लावले तर वारा आणि पाऊस दोन्ही कमी लागतात. हीटेड ग्रिप किंवा गरम होणारं जॅकेट घ्यायचं मनात असेल तर आधी बाइकचा अल्टरनेटर किती वॅट देतो आणि दिवे वगैरे धरून त्यातले किती उरतात ते पाहा.

हेल्मेटबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, तेव्हा आहे ते चांगलं असेल असं धरते. नवं घ्यायचं झालं तर ईसीई २२.०६ ही खूण पाहा, त्यात डोक्याला बसणाऱ्या पिळाचीही चाचणी असते. पुढची टोपी, म्हणजे पीक, कच्च्यावर ऊन आणि चिखल अडवते, पण महामार्गावर वेगात वारा तिच्यात भरून मान ओढली जाते. काढता येणारी घ्या. पावसासाठी वायझरला पिनलॉक, म्हणजे वाफ धरू न देणारी आतली जादा काच, हवंच.

तर पैसे असे वाटा. आधी बूट, मग पँट, मग एए वर्गाचं मेश जॅकेट आणि पाठीचा लेव्हल २ पॅड, मग रेनसूट, मग दुसरे ग्लोव्हज. फ्लीस आणि बेस लेयर घरात बहुधा असतीलच. तुम्ही मनात धरलेल्या सूटच्या बजेटमध्ये यातलं बरंच बसायला हवं. नाही बसलं तर जॅकेटमध्ये एक वर्ग खाली या, बुटांत नको. जुनं-वापरलेलं घेऊ का असं काही वाचक नेहमी विचारतात. तळवा आणि बकल शाबूत असतील तर बूट चालतील, जॅकेटची शिवण तपासून घ्या, हेल्मेट मात्र कधीच नाही, कारण आतला फोम दबलेला असला तरी बाहेरून दिसत नाही. बाइकस्वार बायकांनी पुरुषांच्या कटचं लहान साइज घेऊन भागवू नये. खांदे रुंद आणि कंबर अरुंद अशा बेतामुळे पॅड नेमके चुकीच्या जागी येतात.

“पुन्हा डोक्याला ताप नको” ही तुमची इच्छा मला पटते, पण ती खरेदीने पुरी होणार नाही. निघण्याआधी एक पूर्ण दिवस हे सगळं अंगावर घालून चालवा. आणि एका संध्याकाळी रेनसूट चढवून बाइकवर नेहमीसारखे बसा, कुणाला तरी बागेची नळी धरायला सांगा, समोरून, दहा मिनिटं. उभ्याने ही चाचणी करून उपयोग नाही. बसल्यावर पाणी मांडीत साचतं आणि पँटच्या चेनमधून आत शिरतं. तसं झालं तर रेनसूटचं जॅकेट लांबीला कमी पडतंय. ते बदलून घ्या, किंवा वरपर्यंत येणारी, खांद्यांवर पट्टे असलेली रेनपँट घ्या.